'तार सैल आहे' असं ऐकलं, म्हणून हा धागा : डिस्लेक्सिया आणि मेंदूतलं श्वेतद्रव्य

अर्धविराम

गेल्या आठवड्यात एकच चित्र तीन वेगवेगळ्या गटांतून माझ्याकडे आलं. शेजारी शेजारी दोन मेंदू. एकात डाव्या बाजूला हिरव्या तंतूंचा जाडजूड गठ्ठा, दुसऱ्यात तोच गठ्ठा उंदरांनी कुरतडलेल्या दोरखंडासारखा. खाली लिहिलेलं : 'नॉर्मल वाचक' आणि 'डिस्लेक्सिक वाचक' (डिस्लेक्सिया म्हणजे वाचायला शिकतानाच येणारी अडचण). पाठवणाऱ्यांपैकी एकीने वर जोडलं होतं, "म्हणजे तारच सैल असते तर!"

मी डॉक्टर नाही. काही वर्षं अशा स्कॅनचा डेटा साफ करणं, चाळणं हे माझं काम होतं, त्यामुळे असली चित्रं कशी तयार होतात ते आतून पाहिलंय. म्हटलं, एकदाच नीट लिहून टाकू.

मेंदूची सुरकुतलेली साल करडी असते. तिथल्या पेशींचे लांब धागे आत उतरतात, गठ्ठ्यागठ्ठ्याने दूरच्या भागांना जाऊन भिडतात. या धाग्यांवर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टण असतं, म्हणून तो भाग पांढुरका दिसतो, तेच श्वेतद्रव्य. वाचनाच्या चर्चेत एक गठ्ठा हटकून येतो : आर्क्युएट फॅसिक्युलस. कानाच्या आतल्या अंगाला असलेल्या टेम्पोरल भागातून निघून, धनुष्यासारखा वळून कपाळामागच्या भागाकडे जाणारा. ढोबळमानाने, ऐकलेल्या ध्वनीची बाजू आणि उच्चाराची बाजू जोडणारा. दुसरा आहे इन्फिरिअर लाँजिट्युडिनल फॅसिक्युलस, तो दृष्टीच्या भागातून तळाशी तळाशी पुढे येतो. नावं लक्षात ठेवायची गरज नाही, मलाही पाठ व्हायला वेळ लागला होता.

'जोडणी तुटली म्हणून वाचन गेलं' ही कल्पना एमआरआयच्या कितीतरी आधीची. १८९२ साली फ्रेंच डॉक्टर देजेरीन यांनी एका रुग्णाची हकिगत मांडली. पक्षाघातानंतर त्या माणसाचं वाचन गेलं, पण लेखन शाबूत. म्हणजे चिठ्ठी लिहायचा आणि स्वतःचीच चिठ्ठी त्याला वाचता यायची नाही! मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूचा दृष्टीचा भाग आणि दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या पुलाचं मागचं टोक यांना इजा झालेली दिसली. मेंदूच्या उजव्या अर्धगोलाला अक्षरं दिसत होती, ती डावीकडच्या भाषेच्या भागापर्यंत पोचायची वाट बंद झालेली. हा अर्थात मोठेपणी आलेला आजार, डिस्लेक्सिया नव्हे. पण 'वाट बंद' हे चित्र तेव्हापासून डोक्यात बसलं. १९९६ मध्ये पाउलेसू आणि सहकाऱ्यांनी डिस्लेक्सियाबद्दल तोच प्रश्न उघड विचारला : हा जोडणी तुटल्याचा प्रकार आहे का?

उत्तर शोधायचं साधन म्हणजे डिफ्यूजन एमआरआय. यात धागे दिसत नाहीत, दिसतं पाणी. मेंदूतल्या पाण्याचे रेणू सतत वळवळत असतात. मोकळ्या जागी ते चहूकडे सारखेच पसरतात, पण धाग्यांच्या जुडीत लांबीच्या दिशेने सहज आणि आडवे कष्टाने सरकतात. ऊस चोखताना रस पेराच्या दिशेने निघतो तसं काहीसं. ही 'एकदिशा' किती, ते ० ते १ मधल्या आकड्यात सांगतात, त्याला एफए म्हणतात. चित्रातले हिरवे तंतू म्हणजे या आकड्यांवरून संगणकाने काढलेल्या अंदाजाच्या रेषा. फोटो नाही तो.

२००० साली क्लिंगबर्ग आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदा हे वाचनाला लावलं. डाव्या टेम्पोरो-परायटल भागातल्या (कानाच्या वर-मागच्या) श्वेतद्रव्यात एफए कमी असेल तर वाचन कच्चं, आणि हा संबंध डिस्लेक्सिया नसलेल्या प्रौढांतही दिसला. इथवर गोष्ट अगदी गोळीबंद आहे. पुढे ती बिनसली. ते प्रतिसादांत येईलच, कारण इथे कोण कोण टपून बसलंय ते मला ठाऊक आहे.

---

वेलांटी

चांगला धागा. वाचनखूण साठवली.

माझा प्रश्न सरळ आहे. मुलगी आठ वर्षांची, तीन महिन्यांपूर्वी चाचण्या होऊन डिस्लेक्सियाचं निदान झालं. आता एका ठिकाणी सांगताहेत की मेंदूचा स्कॅन करून घ्या, म्हणजे नक्की कुठे बिघाड आहे ते कळेल आणि 'त्यानुसार' उपाय करता येतील. तुम्ही वर जे लिहिलंय ते त्यांनीही जवळजवळ असंच सांगितलं, फक्त 'पुढे ती बिनसली' हे सोडून. करावा का?

---

अर्धविराम

@वेलांटी, वाचनाच्या अडचणीसाठी म्हणून? नको. मुलीला फिट्स येत असतील, डोक्याला मार लागला असेल, वाचता येत होतं ते अचानक गेलं असेल तर गोष्ट निराळी, तो निर्णय तिच्या डॉक्टरांचा. डिस्लेक्सियाचं निदान वाचन, शब्दलेखन, ध्वनींशी खेळता येणं, भरभर नावं सांगता येणं अशा चाचण्यांवरूनच होतं. ते तुमच्याकडे झालेलंच आहे.

कारण सांगतो. संशोधनात जो फरक सापडतो तो दोन गटांच्या सरासरीतला. उंचीचं घ्या. पुरुषांची सरासरी उंची बायकांपेक्षा जास्त, आणि तो फरक चांगला ठळक. तरी नुसती उंची सांगून 'ही व्यक्ती पुरुष की स्त्री' ओळखायला गेलात तर कितीदा तरी तोंडघशी पडाल. श्वेतद्रव्यातला फरक सापडला तरी तो उंचीतल्या फरकापेक्षा पुष्कळ बारीक असतो. तुमच्या मुलीच्या एफएच्या आकड्यावरून ती कशी वाचते हे कुणी सांगू शकत नाही, आणि तिला काय शिकवायचं हे तर मुळीच नाही.

---

जाडभिंग

मी एमआरआय यंत्रावर काम करते, त्यामुळे दोन शब्द माझे.

१) साध्या एमआरआयच्या अहवालात डिस्लेक्सियाच्या मुलांच्या बाबतीत बहुतेक वेळा एकच ओळ असते : काही विशेष आढळले नाही. ते ऐकून काही पालक खट्टू होतात. म्हणजे मुलाच्या मेंदूत काही सापडलं नाही म्हणून वाईट वाटतं! मला आधी हसू यायचं, आता येत नाही. वर्षभर 'लक्षच देत नाही' ऐकून घेतलेलं असतं त्यांनी, काहीतरी पुरावा हवा असतो हातात.

२) आठ वर्षांचं मूल त्या आवाजात स्तब्ध राहत नाही. आणि डिफ्यूजनला हलणं अजिबात चालत नाही. आपण उशाबिशा लावतो, गोष्ट ऐकवतो, तरी मान हलतेच.

अर्धविराम, हलण्याचा या निष्कर्षांवर किती परिणाम होतो त्यावर लिहा ना. तुम्ही डेटा चाळणारे, आम्ही तो गोळा करताना घाम गाळणारे.

---

अर्धविराम

@जाडभिंग, तुमच्या घामाची जाण आहे :)

मान हलली की एफए साधारणतः खोटाच कमी दिसतो. आता समजा एका गटातली मुलं जरा जास्त चुळबुळी आहेत. आपण त्यांच्या 'विरळ धाग्यांवर' लेख लिहून मोकळे, प्रत्यक्षात मोजली चुळबुळ. ही कल्पनेतली भीती नाही. स्वमग्नतेच्या संशोधनात २०१४ साली कोल्डविन आणि सहकाऱ्यांनी दोन्ही गटांतली मुलं हालचालीच्या बाबतीत जुळवून घेतली, तर आधी मेंदूभर दिसणारे फरक जवळजवळ सगळे विरघळले. उजवीकडचा एक गठ्ठा तेवढा उरला. डिस्लेक्सियासोबत लक्ष विचलित होण्याची अडचण अनेक मुलांत असते, म्हणजे हा सापळा आपल्याही विषयात आहेच.

---

संशयात्मा

आलोच. टपून बसलेल्यांत माझा नंबर पहिला.

क्लिंगबर्ग यांच्या त्या 'गोळीबंद' अभ्यासात माणसं किती होती ते तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. सहा. डिस्लेक्सियाची सहा आणि तुलनेला अकरा. एवढ्या माणसांत तर आमच्या गटाची सहलसुद्धा ठरत नाही.

पुढच्या पंधरा वर्षांत असेच वीस-तीस जणांचे अभ्यास येत गेले. कुणाला फरक डावीकडे, कुणाला उजवीकडे, कुणाला पुलात. नाही सापडला तर लेख टेबलाच्या खणात. मग २०१८ मध्ये मोरो आणि सहकाऱ्यांनी सगळे एकत्र करून पाहिले आणि लेखाच्या शीर्षकातच सांगून टाकलं : पद्धतशीर फरकाचा पुरावा नाही. २०२२ मध्ये माइस्लर आणि गॅब्रिएली यांनी ५ ते १८ वयाच्या ६८६ मुलांचा डेटा घेतला. डिस्लेक्सिया असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या एफएमध्ये एकाही गठ्ठ्यात फरक नाही. एकाही! आणि गंमत म्हणजे हे गॅब्रिएली २००० च्या त्या पहिल्या लेखातही सहलेखक होते. बावीस वर्षांनी माणूस स्वतःच मोठी चाळणी घेऊन आला आणि चाळणीत काही उरलं नाही.

तेव्हा 'तार सैल' नाही, तार होती की नाही हाच प्रश्न. धागा बंद करायला हरकत नाही.

---

काठावरचा

संशयात्मा +१. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

अर्धविराम

आकडे बरोबर आहेत आणि सहाचा आकडा मी गाळला हेही बरोबर. मान्य. पण 'काही उरलं नाही' हे मान्य नाही.

आधी एफए या आकड्याची कुंडली. एमआरआय मेंदू बारीक ठोकळ्यांत मोजतं, एक ठोकळा साधारण दोन मिलिमीटरचा. त्यात लाखो धागे मावतात. त्या सगळ्यांचा मिळून एक आकडा. मायलिन वाढलं की तो वाढू शकतो, धागे दाटीवाटीने बसले की वाढू शकतो. आणि दोन गठ्ठे एकमेकांना छेदत असतील तर धागे कितीही धडधाकट असोत, तो घसरतो. चौकात उभं राहून 'इथली वाहतूक कुठल्या दिशेने जाते' विचारल्यासारखं. श्वेतद्रव्याच्या बहुतांश ठोकळ्यांत असे चौक आहेत. वाचनासंबंधी ज्या टेम्पोरो-परायटल भागात फरक सापडले तो तर चौकांचाच मुलूख. म्हणजे एफए कमी असणं म्हणजे 'वायरिंग खराब' हे समीकरण मुळातच कच्चं.

याचा सणसणीत पुरावा २००७ मधला. डॉहर्टी आणि सहकाऱ्यांनी दोन अर्धगोलांतल्या पुलाचे टेम्पोरल भागाकडे जाणारे धागे तपासले. ज्या मुलांची ध्वनींची जाण चांगली, त्यांच्यात पाणी आडवं जास्त पसरत होतं. म्हणजे तिथे गणित उलटं!

मग काळाचा प्रश्न. २०१२ साली यीटमन आणि सहकाऱ्यांनी ७ ते १२ वयाची मुलं घेऊन तीच मुलं वर्षामागून वर्षं स्कॅन केली. चांगलं वाचणाऱ्या मुलांचा डाव्या आर्क्युएटमधला एफए सुरुवातीला कमी होता आणि वाढत गेला. कच्चं वाचणाऱ्यांचा सुरुवातीला जास्त होता आणि उतरत गेला. दोन रेषा कात्रीसारख्या एकमेकांना छेदतात. आता विचार करा : सात वर्षांच्या मुलांवर अभ्यास केला तर एक निष्कर्ष, बारा वर्षांच्यांवर केला तर उलटा, आणि सगळी वयं एका पोत्यात भरली तर शून्य. तुमच्या चाळणीत काही उरलं नाही याचं एक कारण हे असू शकतं.

आणि त्याच माइस्लर-गॅब्रिएली जोडीने २०२२ मध्येच दुसरं मोजमाप वापरून पाहिलं. एकाच ठोकळ्यातले वेगवेगळ्या दिशांचे धागे निरनिराळे धरून त्यांची दाटी आणि गठ्ठ्याची जाडी मोजायची. ९८३ मुलं. त्यात चांगल्या वाचनाशी संबंध दिसला, बऱ्याच गठ्ठ्यांत दिसला. 'डिस्लेक्सिया आहे / नाही' अशा दोन खोक्यांत मात्र तिथेही फरक नाही.

माझं मत : वाचनाचा आणि श्वेतद्रव्याचा संबंध आहे, पण तो पसरलेला, पातळ आणि वयाबरोबर बदलणारा आहे. 'डिस्लेक्सियाची तार' नावाची एक वस्तू मात्र नाही.

---

संशयात्मा

कात्रीचं पटलं. त्या अभ्यासातही मुलं पन्नासेकच होती हे नोंदवून ठेवतो आणि धागा बंद करायची सूचना तात्पुरती मागे घेतो.

---

रोखठोक_

एवढं मोठं रामायण कशाला? आमच्या वेळी असलं काही नव्हतं. दोन धपाटे बसले की झाडून सगळी वाचायची. हे सगळं आत्ताचं फॅड.

---

फळा-खडू

@रोखठोक_, तुमची वेळ म्हणजे १८९६ च्या आधीची असेल तर गोष्ट निराळी.

त्या वर्षी प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहिलं. हुशार, खेळात पुढे, गणितात ठीक, सात वर्षं शिकवणी चालू, आणि स्वतःच्या नावातली अक्षरंही उलटसुलट लिहायचा. त्याच्या मास्तरांचं म्हणणं होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत चलाख मुलगा ठरला असता. 'डिस्लेक्सिया' हा शब्द त्याही आधीचा, १८८७ चा, रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञाचा. तुमच्या वर्गातही अशी मुलं होती. ती वाचायला लागली नाहीत, शाळा सोडून गेली. म्हणून तुम्हाला आठवत नाहीत.

आता मूळ विषय. मी विशेष शिक्षिका आहे, अठरा वर्षं हेच काम. अर्धविराम, तुम्ही अजून माझ्या आवडीच्या भागाला हातच लावला नाहीत. शिकवल्यावर मेंदूत काय होतं?

केलर आणि जस्ट यांचा २००९ चा अभ्यास आम्हाला प्रशिक्षणात सांगितला होता. ८ ते १० वर्षांची मुलं. कच्चं वाचणाऱ्यांपैकी ३५ जणांना सहा महिन्यांत १०० तासांचं सघन शिकवणं, १२ जणांना नेहमीचाच वर्ग. शिकवलेल्या मुलांच्या डाव्या बाजूला, जिथे आधी एफए कमी होता तिथेच तो वाढला. न शिकवलेल्यांत वाढला नाही. आणि नवखे शब्द फोडून वाचण्यात ज्यांची जास्त प्रगती, त्यांच्यात बदलही जास्त. हे ऐकलं त्या दिवशी मी घरी जाऊन रडले होते, खरं सांगते. आम्ही एकेका अक्षरावर आठवडा घालवतो आणि लोक विचारतात, नुसतं पाठांतरच ना?

---

अर्धविराम

ताई, तो भाग तुमच्यासाठीच राखून ठेवला होता असं समजा.

त्याच्या पुढची कडी २०१८ ची. एलिझाबेथ ह्यूबर, यीटमन आणि सहकारी. ७ ते १२ वयाची २४ मुलं, रोज चार तास, आठवड्यातले पाच दिवस, आठ आठवडे. एकास एक शिकवणं. आणि स्कॅन फक्त आधी-नंतर नाही, मध्ये मध्येसुद्धा. बदल पहिल्या काही आठवड्यांतच दिसायला लागला. आर्क्युएट आणि तो तळाचा लाँजिट्युडिनल, दोन्ही वाचनाच्या गुणांबरोबर पावलाला पाऊल लावून बदलत गेले. आणि एवढ्या दोन गठ्ठ्यांपुरतं ते नव्हतं, मेंदूत बरंच पसरलेलं होतं.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडणारा भाग वेगळाच आहे. पुलाच्या मागच्या भागातल्या धाग्यांचा वाचनकौशल्याशी संबंध होता, पण आठ आठवड्यांत ते तसूभर हलले नाहीत. म्हणजे दोन प्रकारचे संबंध एकाच चित्रात मिसळलेले असतात. काही गठ्ठे आज तुम्ही काय शिकताय त्याच्या मागोमाग चालतात. काही निदान एवढ्या काळात तरी जागचे हलत नाहीत. एकदाच काढलेल्या स्कॅनमध्ये हे दोन्ही सारखेच दिसतात. त्या व्हायरल चित्रातला 'विरळ गठ्ठा' कारण आहे की कमी वाचनाचा परिणाम, हे चित्र बघून कळायला मार्गच नाही.

बाणाची उलटी दिशा आणखी एका अभ्यासात दिसते. थिएबो द शॉटेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये निरक्षर प्रौढ, मोठेपणी वाचायला शिकलेले आणि लहानपणीच शिकलेले अशा तिघांची तुलना केली. साक्षरांमध्ये डाव्या आर्क्युएटच्या मागच्या भागात एफए जास्त. त्या निरक्षरांना डिस्लेक्सिया नव्हता, त्यांना शाळा मिळाली नव्हती.

---

जाडभिंग

आठ आठवड्यांत मायलिन वाढतं? मला जरा जास्तच वेगवान वाटतंय.

---

अर्धविराम

@जाडभिंग, शंका रास्त. पाण्याच्या हालचालीवरून 'मायलिनच वाढलं' असं म्हणता येत नाही. धाग्यांभोवतीच्या ग्लिआ पेशी फुगल्या, त्यांची मांडणी बदलली, तरी पाण्याची वाट बदलते आणि आकडा हलतो. म्हणून 'मेंदूची नवी वायरिंग' असले मथळे दिसले की मी कपाळाला हात लावतो. बदल होतो हे दिसलंय. कशाचा, ते या यंत्रातून दिसत नाही.

---

संशयात्मा

आणि ताईंना एक बोच. मला रडवू नका, पण मेंदू बदलला म्हणून शिकवणं 'खरं' ठरलं, हे मला खटकतं. मूल आधी वाचत नव्हतं, आता वाचतंय, एवढं पुरेसं नाही? २००८ मध्ये वाइसबर्ग आणि सहकाऱ्यांनी लोकांना काही स्पष्टीकरणं वाचायला दिली होती. चुकीच्या स्पष्टीकरणाला मेंदूची असंबद्ध माहिती चिकटवली की सामान्य वाचकांना ते जास्त समाधानकारक वाटायचं. तुमच्या प्रशिक्षणात हा अभ्यास सांगितला होता का?

---

फळा-खडू

नव्हता सांगितला.

बरोबर आहे तुमचं. पण पालकांसमोर बसलेलं असताना 'मेंदूही बदलतो' हे वाक्य माझ्या फार उपयोगी पडतं, तेही खरं आहे. मूल समोर असतं. 'तू आळशी आहेस' आणि 'तू असाच राहणार' ही दोन्ही वाक्यं त्याने ऐकलेली असतात, आणि या एका वाक्याने दोन्ही खोडली जातात. वापरते मी. यापुढे जरा जपून वापरेन.

---

उलटसुलट

सदस्य जुना, लिहितो क्वचित. कारण नावात आहे. वय ४१, डिस्लेक्सिया. हा पूर्ण धागा मी फोनला वाचायला लावून ऐकला, आणि हे बोलून टंकतोय, तेव्हा चुका माफ.

मला नेहमी सांगितलं गेलं की तुझ्या डोक्यात आवाज धूसर साठवले जातात. ते मला कधी पटलं नाही. ऐकताना मी चुकत नाही. गाणं एकदा ऐकलं की सूर, शब्द सगळं जागच्या जागी. अडतं ते काढताना. शब्द आत आहे हे कळतं, हाताला लागत नाही. कुलूपबंद कपाटात काचेतून दिसावा तसा. आणि कुणी घाई केली की कपाटच गायब.

यावर काही संशोधन आहे का, की हे माझंच?

---

अर्धविराम

@उलटसुलट, तुमच्या कपाटावर एक प्रसिद्ध अभ्यास आहे. २०१३, बार्ट बूट्स आणि सहकारी. २३ डिस्लेक्सिया असलेले प्रौढ आणि २२ इतर. बोललेले ध्वनी ऐकताना मेंदूत त्यांचे ठसे कसे उमटतात ते त्यांनी तपासलं. ठसे दोन्ही गटांत सारखेच स्पष्ट. धूसर नाहीत. कमी होता तो श्रवणाच्या भागांचा डाव्या कपाळामागच्या भागाशी, म्हणजे ब्रोका परिसराशी असलेला संपर्क. लेखाच्या शीर्षकाचा मथितार्थच असा की ध्वनींचे ठसे शाबूत आहेत, पोचणं अवघड आहे.

संशयात्मा बोलायच्या आत मीच सांगतो : ४५ माणसं, सगळी प्रौढ. वर्षानुवर्षं वेगळ्या पद्धतीने वाचल्यानंतरचा मेंदू तो. लहानपणी ठसे कसे होते हे त्यातून कळत नाही.

---

संशयात्मा

मी काही बोलणार नव्हतो. कपाटाची उपमा आवडली.

---

मात्रा_काना

अवांतर होईल कदाचित. हे बहुतेक सगळं इंग्रजी वाचणाऱ्यांवरचं संशोधन आहे ना? इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचा छत्तीसचा आकडा. देवनागरीत अक्षर दिसलं की उच्चार ठरलेला. मग मेंदूतला फरकही निराळा असायला हवा.

---

अर्धविराम

अवांतर नाही, हा मधलाच प्रश्न आहे. २००१ मध्ये पाउलेसू यांनी इंग्रजी, फ्रेंच आणि इटालियन वाचकांची तुलना केली. इटालियन लिपी उच्चाराशी बरीच प्रामाणिक. डिस्लेक्सिया असलेले इटालियन वाचक इतर दोघांपेक्षा अचूक वाचत होते. पण वाचताना डाव्या टेम्पोरल भागात जी हालचाल दिसायला हवी ती तिघांतही सारखीच कमी. सरळ लिपीत अडचण लपते, चुकांपेक्षा वेगात दिसते. चिनी वाचणाऱ्या मुलांत मात्र २००४ मध्ये सिओक आणि सहकाऱ्यांना फरक डाव्या मधल्या फ्रंटल भागात दिसला. हे दोन्ही अभ्यास मेंदूच्या कामाचे, श्वेतद्रव्याचे नव्हेत.

---

फळा-खडू

वेगाचं शंभर टक्के खरं. देवनागरी वाचणारी मुलं बरोबर वाचतात म्हणून सुटून जातात. एक परिच्छेद संपेपर्यंत बाकीचा वर्ग धडा संपवतो. आणि जोडाक्षरं, पहिली-दुसरी वेलांटी... 'अक्षर दिसलं की उच्चार ठरलेला' हे ज्याला सहज जमतं त्यालाच वाटतं. 'क' च्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची वेलांटी कधी सात वर्षांच्या मुलाला समजावून बघा.

---

वेलांटी

माझ्या आयडीची खिल्ली चालू आहे असं दिसतंय :)

स्कॅनचं रद्द केलं. पण एक भीती आहे. धाकटा दहा महिन्यांचा आहे. घरात एकीला आहे म्हणजे त्यालाही असेल का? कुठेतरी वाचलं की बाळांच्या मेंदूतही दिसतं.

---

अर्धविराम

वाचलं असेल ते २०१७ चं, लँगर आणि सहकाऱ्यांचं. ५ ते १८ महिन्यांची ३२ बाळं, झोपेत स्कॅन केलेली. ज्यांच्या घराण्यात डिस्लेक्सिया आहे अशा बाळांत डाव्या आर्क्युएटचा एफए सरासरीने कमी होता. त्याचं महत्त्व एवढंच की अक्षरओळख व्हायच्याही आधी काही फरक असू शकतो, म्हणजे सगळंच 'कमी वाचनाचा परिणाम' म्हणून उडवून लावता येत नाही. या मुद्द्यावर मी स्वतःच्याच आधीच्या प्रतिसादाला थोडा छेद देतोय, चालवून घ्या.

आनुवंशिकता आहेच. २०२२ मध्ये ५१,८०० डिस्लेक्सिया असलेल्या आणि दहा लाखांहून जास्त इतर लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला, त्यात ४२ जागा सापडल्या. एकेका जागेचा वाटा चिमूटभर. घरात असेल तर शक्यता वाढते, नक्की काही होत नाही. आणि घराण्यात असूनही चांगलं वाचायला लागलेल्या मुलांबद्दल २०१७ चाच एक अभ्यास आहे, वांग आणि सहकाऱ्यांचा. त्या मुलांच्या उजव्या बाजूचा एक गठ्ठा जास्त वेगाने विकसित होताना दिसला. २०११ मध्ये फुमिको हुफ्ट यांनाही तेच उजवं अंग दिसलं होतं. डिस्लेक्सिया असलेल्या २५ मुलांपैकी अडीच वर्षांत कोण पुढे जाईल, त्याचा अंदाज उजव्या बाजूवरून बांधता येत होता, वाचनाच्या चाचण्यांवरून नाही. डावीकडची 'सैल तार' शोधता शोधता लोक उजवीकडच्या आडवाटेवर जाऊन पोचले. संख्या लहान आहेत, जपून घ्या. दहा महिन्यांच्या बाळाला मात्र आत्ता गाणी, यमकं आणि गप्पा पुरेत.

---

फळा-खडू

@वेलांटी, धाकट्याचं चार-पाच वर्षांचा झाला की बघा. शब्दातला पहिला आवाज ओळखता येतो का, यमक जुळवता येतं का. स्कॅनरशिवाय, मांडीवर बसवून कळतं. थोरलीचं रोजचं थोडं थोडं चालू ठेवा, सुट्टीतही. व्यनि करते, काही खेळ पाठवते.

---

वेलांटी

ताई, व्यनि मिळाला. काल रात्री यमकांचा खेळ सुरू केला. थोरली धाकट्याला शिकवतेय आणि तो तिची पट्टी चावतोय.

---

उलटसुलट

सगळे नवीन प्रतिसाद ऐकले. फोनने 'आर्क्युएट फॅसिक्युलस' प्रत्येक वेळी निराळं वाचलं, एकदा तर 'अर्क्वेट पॅसिक्युलस' म्हणाला. त्याचाही स्कॅन काढून बघा म्हणतो.